समजतं का त्याला?

कॅथलिक घरातलं मूल सात-आठ वर्षांचं झालं की पहिल्या कोमुनियनची तयारी सुरू होते. आमच्या वसईत हा घरचा मोठा सोहळा. पांढरे कपडे, पाहुणे, जेवण, फोटो. त्याआधी कित्येक रविवार धर्मशिक्षणाचे वर्ग. पण मूल स्वमग्न असेल, बोलत नसेल किंवा त्याला बौद्धिक अक्षमता असेल, तर त्याच्या आईवडिलांना एक जास्तीचा प्रश्न ऐकावा लागतो : 'त्याला समजतं का?'

हा प्रश्न निव्वळ दुष्टपणातून येत नाही. अर्थ न कळता घेतलेला ख्रिस्तप्रसाद आणि एखादा ताईत यांत मग फरक काय, ही शंका रास्त आहे. 1983च्या चर्चच्या कायदेसंहितेतला 913वा नियमही मुलांना पुरेसं ज्ञान आणि नीट तयारी हवी असं सांगतो. मात्र त्याच वाक्यात 'आपापल्या कुवतीनुसार' समजण्याची अट आहे. 777वा नियम तर अपंग मुलांना त्यांच्या स्थितीनुसार धर्मशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी थेट धर्मगुरूवर टाकतो.

'पुरेसं' म्हणजे किती, हे चर्चनं वेळोवेळी बदललं आहे. पूर्वी मुलांना 10, 12, कुठे 14 वर्षांपर्यंत थांबवलं जाई. 1910 साली दहावे पोप पायस यांनी हे वय सुमारे सातवर आणलं. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक ओळखता आला की पुरे, असा त्यांचा निकष होता. केरळातल्या मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर बाप्तिस्म्याच्या वेळीच तान्ह्या बाळाला ख्रिस्तप्रसाद देतात. आधी आपलं मानायचं, समज मागून येईल. मराठी कळेपर्यंत बाळाशी मराठीत बोलायचं नाही, असं कुठलीही आई ठरवत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुठलीही चाचणी दोन तऱ्हांनी चुकू शकते, हे या धंद्यात लवकर कळतं. ती नापास व्हायला हवं ते पास करते, किंवा पास व्हायला हवं ते नापास करते. दोन्ही चुका शून्यावर आणता येत नाहीत. त्यामुळे कोणती चूक कुणाला महाग पडेल, हे आधी ठरवावं लागतं.

इथेही तोच विचार करून पाहू. ज्याला समजलं नव्हतं अशा मुलाला प्रसाद दिला, तर कुणाचं काय बिघडलं? देवाचं काही बिघडतं असं मानायला मला तरी जड जातं. ज्याला समजलं होतं, पण सांगता आलं नाही, त्याला मात्र आपण दारातच अडवलं. ती चूक सोसणाऱ्याला तक्रारही करता येत नाही. शिवाय धडाधड पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलांना किती समजलं, हे कोण तपासतं? तिथे आपण पाठांतरालाच समज मानून घेतो.

अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी 1995 साली दिलेली मार्गदर्शक तत्त्वं म्हणून मला पटतात. ओळख शब्दांतूनच दिसावी असं नाही. हावभावातून, आदरानं गप्प राहण्यातूनही ती दिसू शकते. आणि शंका असेल, तर निर्णय त्या व्यक्तीच्या हक्काच्या बाजूनं व्हावा.

पण यातून एक पळवाटही निघते. 'देवाचं लेकरू आहे, त्याला कशाला शिकवायचं?' असं म्हणून वर्गाला न बोलावताच प्रसाद द्यायचा. हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्यातही मूल वर्गाबाहेरच राहतं. शिकवायला हवंच. चित्रांतून, हातवाऱ्यांतून, साध्या ओस्तीची चव आधी देऊन, रिकाम्या चर्चमध्ये रांगेचा सराव करून. रविवारचे शिक्षक विनामोबदला येतात, त्यांना याचं प्रशिक्षण नसतं, समोर वर्ग भरलेला असतो. ही अडचण खरी आहे. पण तिचा भार आज एकट्या आईवर पडतो. तो साऱ्या धर्मग्रामानं वाटून घ्यायला हवा. एका मुलाशेजारी बसणारा एक मोठा माणूस, एवढ्यापासूनही सुरुवात होते.

मिस्सा चालू असताना असं मूल मध्येच ओरडतं आणि पुढच्या बाकांवरच्या माना वळतात. आई त्याला उचलून बाहेर व्हरांड्यात नेते. बायबलचा पाठ, प्रवचन, सगळं ती तिथूनच ऐकते. तिच्या मुलाला किती समजतं हे ठरवण्याआधी, त्या दोघांना आत बसून राहता येईल एवढी जागा आपण करून ठेवली आहे का, ते पाहायला हवं.