देवापुढे कान धरले, तरी मन का खातं?

शंका : मी १६ वर्षांची आहे, फरीदाबादला अकरावीत शिकते. फेब्रुवारीत घरी ट्यूशनचं सांगून वर्गातल्या एका मुलाबरोबर सूरजकुंडच्या मेळ्याला गेले. आमचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरला आणि घरी कळलं. घाबरून मी म्हणाले, ‘मैत्रिणीनेच मला नेलं.’ तिला यातलं काही ठाऊकही नव्हतं. तिच्या घरच्यांनी तिचा फोन काढून घेतला, ट्यूशन बंद केली. सोसायटीत बायका मला बघून कुजबुजतात. आजी म्हणते, घराण्याचं नाव घालवलंस. रोज गणपतीपुढे कान धरते. देव मला माफ करील का?

समाधान : बाळ, मेळ्याला गेलीस म्हणून तू वाईट झाली नाहीस. घरी खोटं बोललीस, ते आईबाबांजवळ कबूल कर. फोटो ज्याने फिरवला त्याचं पाप तू डोक्यावर घेऊ नकोस. त्या फोटोवरून कुणी धमकावलं, तर लगेच घरी सांग, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन कर. कुजबुजणाऱ्यांची माफी तर मागायचीच नाही. त्यांचं तू काही बिघडवलेलं नाहीस.

बिघडवलंस ते मैत्रिणीचं. तुझं मन खातं ते तिथे.

तुकोबांची आरती तू म्हटली असशील. परंपरा सांगते, वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. पुढे पश्चात्ताप झाला, तेव्हा ते तुकोबांनाच शरण गेले. ज्याचा अपराध, त्याच्याच पायाशी. त्या आरतीच्या शेवटी नाव आहे ते याच रामेश्वरांचं. वह्या बुडवल्याची गोष्ट साडेतीनशे वर्षांत कुणी विसरलेलं नाही, आणि आरतीतून त्यांचं नावही कुणी काढलेलं नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. लोकांच्या तोंडचं नाव सुधारायला वेळ लागेल, कदाचित सुधारणारही नाही. माफी त्यासाठी थांबत नाही.

जैन मंडळी संवत्सरीला, क्षमा मागण्याच्या दिवशी, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, तेही एकमेकांना. आपल्याकडे देवापुढे कान धरणं सोपं, शेजारचं दार वाजवणं अवघड.

तेच दार तुला वाजवायचं आहे. फोनवर मेसेज नको. तिच्या आईवडिलांसमोर सांग, ‘मी खोटं बोलले, हिचा काही दोष नव्हता.’ पुढे ‘पण’ लावू नकोस, रडून तिलाच तुझी समजूत काढायला लावू नकोस. ती कदाचित बोलणार नाही, तोंड फिरवील. तो तिचा हक्क आहे. तिचा फोन आणि ट्यूशन तिला परत मिळेपर्यंत मात्र तू गप्प बसायचं नाहीस. देवाचं विचारशील, तर तू खरं सांगायला निघालीस की तो तुझ्या बाजूने आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

हे उत्तर आईला वाचायला दे. त्या दारापर्यंत तिने तुझ्याबरोबर यावं, ही माझी तिला विनंती.