चहाचं दप्तर

दप्तरखान्यात काम करणारा माणूस कागदाला आधी दोन प्रश्न विचारतो: तू आलास कुठून, आणि कुणाच्या शेजारी होतास? मजकूर त्यानंतर. पेशवे दप्तराचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडताना क्रम बिघडू द्यायचा नाही, कारण क्रम मोडला की सुटी चिठ्ठी मुकी होते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो कुणीतरी घरात जपलेल्या कागदांच्या जोरावर.

कागदाची हीच शिस्त चहाला लावावी, असं माझं मत आहे.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीकडे बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, जड असतं. त्याचा कोरा चहा कपात थोडा वेळ राहिला की वर तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो. ते तेल नव्हे. पाण्यातलं कॅल्शियम, चहातली द्रव्यं आणि हवा यांचा तो मेळ. लिंबू पिळलं की धरत नाही. तीच पत्ती पावसाच्या पाण्यात उकळली तर रंग निराळा येतो. म्हणून चहाची चव सांगणाऱ्यानं पाणी कुठलं तेही सांगावं.

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं 1980 मध्ये चहा करण्याचं मानकच ठरवलं: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं. चहा फक्कड व्हावा हा त्यामागचा हेतू नाही. दोन चहा शेजारी ठेवून पारखता यावेत, एवढाच आहे. मला तो मोलाचा वाटतो.

आपला घरचा उकळीचा चहा मात्र सहसा कागदावर नसतो. घरातली जाणती बाई आलं ठेचून पाण्यातच उकळते, दूध मागून घालते. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटू शकतं, कारण आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) असतं आणि उकळीनं ते निकामी होतं. हे तिला ठाऊक असतं, तिनं ते अनुभवानं कमावलेलं असतं. आपण मात्र ‘तिच्या हाताला चव आहे’ म्हणून मोकळे होतो. या कौतुकात तिचं ज्ञान बुडतं, आणि ती गेली की चहाही जातो.

तुमच्या घरी चहा कोण करतं? भगुनं कोणतं, पाणी कुठलं, आलं केव्हा, दूध केव्हा, हे त्या माणसाशेजारी उभं राहून लिहून घ्या. खाली तारीख घाला.