‘बघू’

आमच्या शाळेच्या संगणक-खोलीत डेबियन चालते. परवा दहावीतल्या एका मुलाने विचारले, “सर, दोष सापडला, तो दुरुस्तही झाला, मग ती दुरुस्ती आपल्यापर्यंत यायला इतके महिने का? चूक कळल्यावर तशीच ठेवणे बरे का?” सवयीने मी “बघू” म्हणालो. पण प्रश्न संगणकाचा नव्हता, नीतीचा होता.

डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली मुक्त सॉफ्टवेअरची व्यवस्था. नवा बदल आधी ‘अनस्टेबल’ शाखेत येतो, काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये जातो आणि तिच्यातून साधारण दोन वर्षांनी ‘स्टेबल’ म्हणजे स्थिर आवृत्ती निघते. सुरक्षिततेच्या दुरुस्तीला मात्र वेगळी वाट आहे. इंटरनेटवरची देवघेव गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला, आणि स्थिर आवृत्तीसाठीची दुरुस्ती त्याच दिवशी निघाली. आग लागली की रांग मोडायची, एरवी रांगेत उभे राहायचे, असा हा न्याय.

रांग हवी, कारण दुरुस्ती हाही एक बदलच. २००६ साली एक तपासणी-साधन तक्रार करते म्हणून डेबियनच्या ओपनएसएसएलमधून काही मजकूर सद्‌हेतूने वगळला गेला. गुप्त किल्ली कोणाला ओळखता येऊ नये म्हणून लागणारी अनिश्चितता नेमकी त्यातूनच येत होती. एका जातीच्या, एका लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले. २००७ ची स्थिर आवृत्ती हा दोष पोटात घेऊनच निघाली, आणि तो उघड झाला मे २००८ मध्ये.

उलट २०२४ मध्ये फाइली आकसवणाऱ्या ‘एक्सझेड’मध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून अँड्रेस फ्रॉइंड हे अभियंते खोदत गेले आणि २९ मार्चला त्यांनी तो उघडकीस आणला. तोवर तो टेस्टिंगपर्यंत पोचला होता. स्टेबलमध्ये शिरला नव्हता.

रांग दोन्ही वेळा होती. एकदा दोन वर्षे वाया गेली, एकदा काही आठवडे कामी आले. काळ आपोआप काही शुद्ध करत नाही. त्या काळात कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहत असेल, तरच थांबण्याला धीर म्हणावे. नाहीतर ती नुसती दिरंगाई.

हे लिहिताना मला आमचे जनरल रजिस्टर आठवते. कन्नडमधून मराठीत येताना एका मुलीचे आडनाव चुकले होते. तिचे वडील दोनदा आले. नोंद बदलायची तर कागद तपासायला हवेत, म्हणून मी “बघू” म्हणालो. ते योग्यच होते. पण सहा महिने मी काहीच बघितले नाही, आणि परीक्षेचा अर्ज त्याच चुकीनिशी गेला. घाई टाळली, असे मी स्वतःला सांगत होतो.

त्या मुलाला मी टेस्टिंग शाखा एका जुन्या संगणकावर घालून दिली आहे. काही बिघडले तर वहीत लिही आणि डेबियनला कळव, असे सांगितले आहे. रजिस्टरातल्या त्या नोंदीचे कागद मात्र मी स्वतःच काढून बसलो आहे.