कडब्याचा हिशोब

उदगीर म्हटलं की इतिहासाची आवड असलेला माणूस ३ फेब्रुवारी १७६० वर जाऊन थांबतो. सदाशिवरावभाऊंनी इथं निजामाला नमवलं. साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मराठ्यांना मिळाले. किल्ल्यांची नोंद राहिली. दोन्ही फौजांच्या घोड्यांनी कुणाकुणाच्या कडब्याच्या गंजी फस्त केल्या, ते मात्र त्यात नाही.

उदगीरच्या शेतीचा इतिहास त्या गंजीपासून सुरू करायला हवा. इथल्या काळ्या जमिनीत पेरताना दाण्याइतकाच धाटाचा विचार व्हायचा. ज्वारीची भाकरी माणसाला, कडबा जनावराला. मधल्या ओळींतल्या तुरीची दाळ घरात आणि तुराट्या चुलीत, नाहीतर कुडाला. मूग-उडीद लवकर हाती येऊन सणासुदीचा खर्च भागवत.

निजामाची राजवट १९४८ मध्ये संपली. तालुका १९५६ मध्ये बिदरमधून उस्मानाबादेत आणि १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात आला. कचेऱ्या बदलल्या, शेतातली ही वाटणी बरीच वर्षं टिकली.

तिच्याच आधारानं देवणी जातीची जनावरं जोपासली गेली. तिचे प्रकार म्हणजे पांढरी स्वच्छ बालंक्या, तोंडाच्या बाजूला काळी वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा. गाय दुधाला बरी आणि बैल तिफणीला दमदार, हे दोन्ही एका जातीत साधणं सोपं नाही.

नव्वदीनंतर सोयाबीन पसरलं. जेमतेम शंभर दिवसांचं पीक, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा. त्याला नावं ठेवणाऱ्यानं एकदा एकरभर ज्वारीची पाखरं राखून पाहावीत, मग काढणीला मजूर शोधावेत. पण सोयाबीनचं भुसकट कडब्याची जागा घेत नाही. वैरण विकत घ्यायची वेळ आली की बैलजोडी परवडत नाही, आणि बैल गेला की ज्वारी पेरण्याचं अर्धं कारणच जातं. ट्रॅक्टरनं बैल घालवला असं म्हणतात. त्याआधी बदललेल्या पेऱ्यानं त्याची दावण रिकामी केली होती, हेही मांडायला हवं.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. देवणीची पैदास सुधारण्याची भाषा नेहमी होते, ती वैरणीपर्यंत क्वचित पोचते. २०२५-२६ साठी सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ आणि मालदांडी ज्वारीला ३,७४९ रुपये हमीभाव आहे. दोन्ही आकडे दाण्याचे आहेत. कडब्याच्या पेंढीला हमीभाव नाही.