हलाखीची हकिगत

दारिद्र्यात वाढलेल्या लेखकाविषयी आपल्या वाचकवर्गात एक समजूत दृढ झालेली आहे, ती अशी की, ज्याने सोसले त्याला लिहिण्यासाठी निराळे काही शिकावे लागत नाही. सोसलेले कागदावर उतरले की त्याचे आपोआप साहित्य होते. ही समजूत सद्भावनेपोटी निर्माण झाली असली तरी तिने अशा लेखकांवर मोठा अन्याय केला आहे, कारण तिच्यामुळे त्यांच्या हलाखीचा गौरव होतो आणि त्यांचे परिश्रम मात्र हिशेबात धरले जात नाहीत.

डॉ. आनंद यादव यांच्याविषयी मला हे विशेष जाणवते. १९३५ साली कागलला जन्मलेल्या, खंडाने घेतलेल्या मळ्यात राबणाऱ्या आणि शाळेचे नाव काढताच बापाच्या रोषास पात्र होणाऱ्या या मुलाने पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे अध्यापन केले. परंतु त्या बालपणाची हकिगत ‘झोंबी’त सांगितली ती १९८७ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर. मधली वर्षे अभ्यासाची होती. प्रथम कविता, मग कथा, असा प्रवास करीत त्यांनी आपल्या बोलीचे सामर्थ्य पारखले. खेड्यापाड्यांतील तरुणांना लिहिते करण्यासाठी ग्रामीण साहित्याची चळवळ उभारली आणि ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ या ग्रंथात त्या साहित्याची मीमांसाही केली. वर्गाबाहेरचे हे अध्यापन मला वर्गातल्याइतकेच थोर वाटते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ते निवर्तले. पुढच्याच फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत भरले. जवळच्याच कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. वाचनाची एवढी जुनी मिरास लाभलेल्या या टापूत, पोटासाठी कोकणातून आणि देशावरून आलेल्या कुटुंबांतली, चाळींच्या खोल्यांत वाढलेली मुले लिहू पाहतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा ‘झोंबी’ दिली जाते. माझा आग्रह प्रथम ‘गोतावळा’ देण्याचा आहे. १९७१ सालच्या या कादंबरीत यादवांनी स्वतःच्या हालअपेष्टांना अग्रक्रम न देता, मालकाने ट्रॅक्टर आणल्यामुळे ज्याची जिवाभावाची जनावरे दुरावतात त्या नारबा नावाच्या गड्याला, त्याच्याच बोलीत, आरंभापासून अखेरपर्यंत बोलू दिले. स्वतःच्या बालपणाची पाळी त्यानंतर सोळा वर्षांनी आली.