अंत्युखियाची पंगत

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायातील १९ व २० ही वचने एकत्र वाचावयास हवीत. स्तेफनाच्या हत्येनंतर छळामुळे पांगलेले शिष्य फेनिके, कुप्र व अंत्युखिया येथवर गेले. परंतु ते बोलले केवळ यहूद्यांशी. त्यांच्यातीलच कुप्र व कुरेने येथील काही जण मात्र अंत्युखियास येऊन ग्रीकांशीही बोलू लागले. एवढी मोठी सीमा ओलांडणाऱ्या या माणसांची नावे ग्रंथकाराने दिलेली नाहीत.

२० व्या वचनातील एका शब्दाविषयी हस्तलिखितांत पाठभेद आहे. काहींत ‘ग्रीक’, तर काहींत ‘ग्रीकभाषी’ अशा अर्थाचा शब्द आढळतो. दुसरा पाठ स्वीकारला, तरी आधीच्या ‘केवळ यहूदी’ या उल्लेखाशी असलेला विरोध पाहता यहूद्येतरच अभिप्रेत असावेत, असे आम्हांस वाटते.

मग पहिले शिष्य का थांबले? अंत्युखियातील यहूदीही सामान्यतः ग्रीकच बोलत. तेव्हा अडचण भाषेची नव्हती. त्यांच्या मनात दुष्टावा होता, असेही नाही. आपल्या माणसांपुरते राहणे हे त्यांना स्वाभाविकच वाटले असावे. आम्हांस अस्वस्थ करते ते हेच. दार लावून घेण्यासाठी द्वेष लागत नाही, सवय पुरते.

बोलण्याहून कठीण असते ती पंगत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात पौल सांगतो की, याच अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पण याकोबाकडील माणसे येताच तो मागे सरला. कर्नेल्याच्या घरी गेलेला, देव पक्षपाती नाही हे उमगलेला तो पेत्र! त्याला सत्य ठाऊक नव्हते असे नाही. स्वकीयांच्या नजरेपुढे ते त्याला पेलले नाही. पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, तो या विसंगतीबद्दल. यहूद्यांनी आपले आचार टाकावेत, असा पौलाचा तेथे आग्रह नव्हता. परक्यांनी यहूद्यांसारखे व्हावे अशी सक्ती नको, एवढेच त्याचे म्हणणे होते.

परमुलखात पिढ्यान्पिढ्या राहून आम्ही भाषा जपली, कुळाचार जपले. त्याचा पश्चात्ताप करण्याचे कारण नाही. मात्र जे जपले ते घर होते की कुंपण, हे एकदा तपासले पाहिजे. शेजाऱ्याशी आम्ही त्याच्या भाषेत बोलतो. त्याच्या शेजारी पान मांडून बसतो का? आणि आपली माणसे पाहत असतानाही बसतो का?