दुसऱ्याच्या ज्ञानावर भरवसा

हल्ली शास्त्रांची वाढ इतक्या दिशांनी होत आहे की, एका शास्त्राचा पंडित दुसऱ्या शास्त्रात आमच्यासारखाच अडाणी असतो. बियाणे, खत, औषध, विजेची यंत्रे ही आपण सर्व वापरतो. परंतु त्यांची परीक्षा आपणांस करता येत नाही. जाणत्यांच्या शब्दावर आपण चालतो. तर मग हा भरवसा आणि देवऋष्याच्या गंड्यादोऱ्यावरील भरवसा यांत भेद कोणता? सन २०२१ साली करोनाची लस गावोगाव आली, तेव्हा पुष्कळांच्या मनात हीच शंका होती. आणि शंका घेणारे सर्वच मूर्ख होते असे आम्हांस म्हणवत नाही.

या प्रश्नाचा उलगडा होण्यास मुंबईतील एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. सन १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला. त्या वेळी वाल्देमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ या देशात पटकीची लस टोचीत असत. ते ओडेसा येथे जन्मलेले यहूदी गृहस्थ. त्यांस मुंबईस पाठविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले, व त्या मेलेल्या जंतूंची लस केली. दिनांक १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. आणि तीही इतरांस द्यावयाच्या मात्रेहून अधिक. त्यांस ताप आला, वेदना झाल्या. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी राजी झाले त्यांस टोचण्यात आले, आणि टोचलेल्यांत व न टोचलेल्यांत रोग किती झाला याचा हिशेब ठेवण्यात आला. टोचलेल्यांत तो कमी आढळला. कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न आम्हांस आजही खटकतो, व तो झाकून ठेवणे योग्य नव्हे.

त्याच वर्षी पुण्यात दुसरी रीत चालली होती. गोरे शिपाई घरांत शिरून रोगी शोधीत व माणसांस छावण्यांत नेत. रोग आवरावा हा हेतू तेथेही होता. परंतु विचारणे नाही, समजाविणे नाही; यामुळे लोकांस रोगापेक्षा उपायाचीच अधिक धास्ती वाटली. प्लेग अधिकारी रँड यांजवर २२ जून रोजी गोळी झाडण्यात आली, इतका तो क्षोभ वाढला. जबरदस्तीने शरीर ताब्यात घेता येते. भरवसा मिळत नाही.

पण ज्याने स्वतःच्या अंगावर प्रयोग केला त्याचे ज्ञान तरी निर्दोष ठरते काय? सन १९०२ च्या अखेरीस पंजाबातील मुल्कोवाल गावी ही लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. मेलेली सर्व माणसे एकाच कुपीतून टोचलेली होती. ती कुपी गावात उघडतेवेळी चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला, असे पुराव्यात होते. परंतु त्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लढा दिल्यावर सन १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. सत्य बाहेर आले खरे, पण पाच वर्षे उशिरा. आणि ती एकोणीस घरे ओसाड झाली ती झालीच. चिमट्याची चूक लहान म्हणून तिचे मोल लहान नव्हते.

तर मग भेद कोठे? चूक देवऋष्याची होते तशी शास्त्रज्ञाचीही होते. परंतु गंडा चुकला तर त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. रोग्याचे नशीब किंवा त्याचा अविश्वास पुढे केला जातो. शास्त्रात मेलेल्यांची मोजणी होते, कुपी तपासली जाते, व दुसऱ्या जाणत्यास उलट बोलण्याची मुभा असते. ज्या ठिकाणी ही मुभा बंद होते, तेथे शास्त्राचे नाव राहिले तरी गंडाच उरतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, भरवसा मनुष्याच्या थोरवीवर ठेवू नये, व अफवेच्या भयाने सोडूही नये. नवा उपाय गावात आला म्हणजे विचारावे: हा प्रथम कोणी आपल्या अंगावर घेतला? किती जणांस गुण आला व किती जणांस अपाय झाला, हे कोठे लिहून ठेविले आहे? चूक झाल्यास कोणास जाब विचारावा? आणि जो जाणता आहे त्याने या प्रश्नांचा राग न धरिता ओसरीवर बसून, समजेल अशा भाषेत उत्तर द्यावे. मुंबईची ती प्रयोगशाळा सन १९२५ पासून हाफकिन यांचेच नाव धारण करते. तो मान त्यांस योग्यच आहे. परंतु मुल्कोवालच्या त्या एकोणीस जणांचीही आठवण आपण ठेवावी. कारण प्रश्न विचारण्याचा आपला हक्क त्यांच्याही मृत्यूने सिद्ध झाला आहे.